पीठ संपूर्ण, तरी साखर चढती का?

संपूर्ण धान्याच्या पिठांविषयी वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी मी मैद्याचा पाव बंद करून संपूर्ण गव्हाचा पाव खाऊ लागलो. नाश्त्यानंतर दोन तासांनी पूर्वी १९०च्या आसपास आकडा येत असे, आता १८४ येतो. यंत्र चुकते आहे, की पाव फसवतो आहे?

दोघांवरही आळ घेण्याचे कारण नाही. ज्या गुणासाठी आपण हा पाव सुरू केला, तो गुण त्याच्यात पुरेसा नव्हता, इतकेच. ‘संपूर्ण’ हा शब्द धान्यातून काय काढून टाकलेले नाही हे सांगतो. ते धान्य पोटात गेल्यावर किती वेगाने पचेल, याविषयी तो काहीच सांगत नाही. या दोन गोष्टी एकच समजल्या जातात आणि आपल्यासारख्या अनेकांची निराशा तिथूनच सुरू होते.

कोणत्या अन्नाने रक्तातील साखर किती चढते, हे मोजण्यासाठी १९८१ साली टोरांटो येथील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ ही कल्पना मांडली. ज्यातून ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील इतके अन्न खायला द्यायचे, पुढचे दोन तास रक्तातील साखर मोजत राहायचे आणि तितक्याच शुद्ध ग्लुकोजने होणाऱ्या वाढीला १०० मानून तुलना करायची, अशी ही पद्धत आहे. निर्देशांक ५५ किंवा त्याहून कमी असेल तर तो कमी धरतात आणि ७० किंवा त्याहून वर असेल तर जास्त धरतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात मैद्याच्या पावाचा सरासरी निर्देशांक ७५ आहे आणि संपूर्ण गव्हाच्या पावाचा ७४. आपल्या यंत्राने जवळजवळ हेच कोष्टक आपल्या बोटावर लिहून दाखवले आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी गव्हाचा एक दाणा दाताखाली फोडून पाहावा. बाहेरचे चिवट साल म्हणजे कोंडा, टोकाशी असलेला छोटा पिवळसर ठिपका म्हणजे अंकुर आणि बाकीचा पांढरा, पिठूळ भाग म्हणजे पिष्टाचा साठा. वजनाने पाहिले तर दाण्याचा सुमारे ८३ टक्के भाग हा साठाच असतो. या साठ्यातले पिष्ट सुटे नसते. त्याचे सूक्ष्म कण पेशींच्या भिंतींआड बंद असतात. दाणा अखंड शिजवून खाल्ला, तर पाचक रसाला या भिंती ओलांडत आत शिरावे लागते आणि त्याला वेळ लागतो. दाणा बारीक दळला की भिंती फुटतात, पिष्टाचे काही कण दळताना प्रत्यक्ष चिरडले जातात आणि पाणी व उष्णता मिळताच ते फुगून मऊ होतात. मग पाचक रसाला काही कामच उरत नाही. अशा पिठात कोंडा मिसळलेला असला, तरी तो आता पिष्टाच्या भोवती नसून शेजारी असतो. कुंपण मोडून त्याच्या काठ्या त्याच अंगणात टाकून ठेवाव्यात, तशी ही स्थिती आहे.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा निरोगी व्यक्तींना अखंड गहू, भरडलेला गहू, जाडसर पीठ आणि बारीक पीठ अशा चार रूपांत तेच धान्य खायला दिले होते. दाणा जसजसा बारीक होत गेला, तसतसा शरीराला अधिक इन्सुलिन सोडावे लागले. ही वाढ पायरीपायरीने झाली. मक्याच्या बाबतीतही बारीक पिठाने अखंड वा भरडलेल्या दाण्यांपेक्षा जास्त इन्सुलिन लागले. त्याच वर्षी जेनकिन्स यांच्या गटाने पावावर केलेले काम प्रसिद्ध झाले. त्यात संपूर्ण पिठाचा पाव आणि पांढरा पाव यांत फारसा फरक आढळला नाही. मात्र पावात अखंड किंवा भरड दाण्यांचे प्रमाण वाढवत नेले, तसतशी साखरेची चढण कमी होत गेली.

याची उलटी बाजूही पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या पास्त्याचा निर्देशांक त्याच कोष्टकात ४९ आहे आणि संपूर्ण गव्हाच्या पास्त्याचा ४८. दोन्ही जवळपास सारखे आणि दोन्ही पावापेक्षा कितीतरी कमी, कारण पास्त्याचे पीठ घट्ट दाबले जाते आणि त्यातले पिष्ट प्रथिनांच्या जाळ्यात अडकून राहते. पाव मात्र फुगलेला, सच्छिद्र, तोंडात विरघळणारा असतो.

आता आपल्या १९० आणि १८४ या आकड्यांविषयी. घरगुती यंत्रांसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, तो १०० मिलिग्रॅमच्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. म्हणजे आपल्याला दिसलेला सहा अंकांचा फरक हा फरकच नाही. पावच हवा असेल, तर कापल्यावर ज्याच्या कापात भरड दाणे स्पष्ट दिसतात आणि जो हातात जड लागतो, असा पाव घ्यावा. अशा पावांचा सरासरी निर्देशांक कोष्टकात ५३ आहे. आणि कापांची संख्या मोजावी. त्याविषयी पुढे.

प्रश्न : साखर तेवढीच चढत असेल, तर संपूर्ण धान्याचे पीठ वापरण्याचा खटाटोप कशासाठी? मैदा काय वाईट?

हा प्रश्न रागाने विचारलेला दिसतो, पण तो रास्त आहे. एका जेवणानंतरचे दोन तास म्हणजे संपूर्ण आरोग्य नव्हे, हे त्याचे उत्तर आहे.

शंभर ग्रॅम संपूर्ण गव्हाच्या पिठात सुमारे १०.७ ग्रॅम तंतुमय भाग असतो. तेवढ्याच मैद्यात तो २.७ ग्रॅम असतो. मॅग्नेशियम संपूर्ण पिठात सुमारे १३७ मिलिग्रॅम, तर मैद्यात अवघे २२. लोह ३.६ मिलिग्रॅमवरून १.२वर उतरते, प्रथिने १३ ग्रॅमवरून १० ग्रॅमवर येतात. ब गटातील जीवनसत्त्वे, ई जीवनसत्त्व आणि जस्त यांची गतही अशीच, कारण ही सारी संपत्ती प्रामुख्याने कोंड्यात आणि अंकुरात असते आणि मैदा करताना नेमके तेच काढले जाते. काही देशांत मैद्यात लोह आणि काही जीवनसत्त्वे पुन्हा मिसळतात. पण तंतू आणि मॅग्नेशियम सहसा परत येत नाहीत.

उष्मांकांत मात्र मोठा फरक नाही. संपूर्ण पीठ शंभर ग्रॅमला ३४०, मैदा ३६४. संपूर्ण पीठ ‘हलके’ म्हणून दुप्पट खाणाऱ्यांनी हे दोन आकडे स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर ठेवावेत.

दीर्घकालीन परिणामांविषयी पुरावा चांगला भक्कम आहे. अमेरिकेतील सुमारे १,९५,००० स्त्री-पुरुषांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०२० साली आले. त्यात संपूर्ण धान्य सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्या गटापेक्षा २९ टक्क्यांनी कमी होते. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. संपूर्ण धान्य खाणारी माणसे इतरही बऱ्याच बाबतींत काळजी घेणारी असतात आणि गणिताने तो प्रभाव पुरता वजा करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. तरीही २०१९ साली १८५ पाहण्या आणि ५८ प्रत्यक्ष चाचण्या एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्याचा रोखही त्याच दिशेने होता. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांना सर्वाधिक लाभ दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले आहेत आणि कर्बोदके मुख्यत्वे संपूर्ण धान्ये, भाज्या, फळे आणि डाळी-कडधान्ये यांतून घ्यावीत, असे म्हटले आहे.

लाभ होतो कसा? मोठ्या आतड्यातील जिवाणू काही तंतू आंबवतात आणि त्यातून आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. सकाळी खाल्लेल्या तंतूंमुळे दुपारच्या जेवणानंतरची साखर सौम्य राहण्याचा जो अनुभव येतो, त्यामागे ही आम्ले असावीत असे मानतात. म्हणून दोन तासांनी घेतलेल्या एका थेंबाच्या आकड्यावरून या पिठाला नापास करणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : पीठ जाडसर दळून आणले तर खरोखर फरक पडतो का? आणि घरी आम्ही पीठ चाळून कोंडा टाकून देतो, ते बरोबर आहे का?

फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या ३१ प्रौढांवर झालेली एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. प्रत्येकाने दोन आठवडे बारीक दळलेल्या संपूर्ण धान्याचे पदार्थ खाल्ले आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेल्या, म्हणजे दाणे शाबूत वा भरड ठेवलेल्या धान्याचे. धान्य दोन्ही वेळा संपूर्णच होते. भरड धान्याच्या काळात नाश्त्यानंतरची साखर सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिली. ज्याचा आकडा २०० येतो, त्याला तो १८०च्या घरात दिसेल, असा याचा ढोबळ अर्थ. औषधाला पर्याय ठरावा इतका नव्हे, पण फक्त दळण बदलून मिळत असेल तर सोडावा असाही नव्हे.

पीठ किती बारीक आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळावे. पावडरीसारखे गुळगुळीत लागून बोटांच्या रेषांत जाऊन बसले, तर ते बारीक. रव्यासारखे कण टोचले, तर जाडसर. मग तेच पीठ मैद्याच्या चाळणीतून चाळून वर किती उरते ते पाहावे. वर उरलेल्यात नुसते कोंड्याचे पापुद्रे दिसत असतील, तर पिष्टाचा भाग बारीकच झालेला आहे आणि केवळ कोंडा जाड राहिला आहे. अशा पिठाला लोक जाडसर म्हणतात खरे, पण साखरेच्या दृष्टीने ते बारीकच. वर पांढरट, कणीदार दाणेही उरत असतील, तर भरड राहिलेले पिष्ट आपल्या हाती आहे.

चाळून टाकलेला कोंडा म्हणजे वर सांगितलेल्या तंतूंचा आणि मॅग्नेशियमचा मोठा वाटा. चाळायचेच असेल तर खडे-किडे निघून जातील इतपत मोठ्या भोकांची चाळण घ्यावी. उलट, मैद्यात वरून मूठभर कोंडा घालून साखर आटोक्यात येईल, अशी अपेक्षाही करू नये. गव्हाच्या कोंड्यातील तंतू बहुतांशी पाण्यात न विरघळणारे असतात. ते पोट साफ ठेवतात, पण त्याच जेवणातल्या साखरेचा वेग फारसा अडवत नाहीत. तंतू वाढवताना ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणीही वाढवावे, नाहीतर पोट फुगते आणि माणूस चौथ्या दिवशी मैद्याकडे परततो.

प्रश्न : ज्वारी, बाजरी आणि नाचणीच्या पिठाने साखर चढतच नाही, असे मला सांगण्यात आले. म्हणून मी प्रमाण न पाहता खातो. हे योग्य आहे ना?

नाही. हे वाक्य शक्य तितके स्पष्ट लिहावे लागते आहे, कारण या एका समजुतीने बऱ्याच जणांचे आकडे बिघडलेले मी पाहिले आहेत. कोणतेही संपूर्ण धान्य घेतले, तरी त्याच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ६० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. नावे बदलतात, रंग बदलतात. पिष्ट पिष्टच राहते. २००८च्या त्याच कोष्टकात भरडधान्यांच्या लापशीचा सरासरी निर्देशांक ६७ आहे, म्हणजे मध्यम गटातही वरच्या टोकाला. शिवाय एकाच धान्याचे अखंड दाणे, रवा, पीठ, घट्ट लापशी आणि पातळ लापशी यांचे आकडे वेगवेगळे येतात, त्यामुळे ‘नाचणीचा निर्देशांक किती’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. बारीक दळून, भरपूर पाण्यात शिजवून, गुळगुळीत करून प्यायलेली लापशी जवळजवळ चावावीच लागत नाही. साखरेच्या दृष्टीने हे तिचे सर्वांत वाईट रूप.

या धान्यांचे खरे गुण दुसरीकडे आहेत आणि ते मोठे आहेत. नाचणीत शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्या वजनाच्या दुधात ते सुमारे १२० असते. बाजरीत लोह गव्हाच्या पिठापेक्षा अधिक असते. मात्र पोटात गेलेले सारे रक्तात उतरत नाही. धान्याच्या बाहेरच्या थरांत फायटिक आम्ल असते आणि ते लोह, जस्त व कॅल्शियम धरून ठेवते. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या तीन जुन्या क्रियांनी ते कमी होते. जेवणात क जीवनसत्त्व असलेले काही आंबट असले, तर लोह अधिक शोषले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून या धान्यांची जाहिरात औषधासारखी होऊ लागली. धान्य म्हणून ती उत्तम आहेत; औषध म्हटले की माणूस मोजायचे सोडतो.

प्रश्न : ओट आणि जव यांच्या पिठाचे एवढे कौतुक कशासाठी? ती बारीक दळली तर त्यांचाही गुण जातो का?

या दोन धान्यांचे कौतुक सकारण आहे. त्यांत बीटा-ग्लुकान नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो. ओटची लापशी शिजताना चमचा उचलला की जी बुळबुळीत तार सुटते, ती याचीच. आतड्यात गेल्यावरही तो अन्नाला असाच दाट चिकटपणा आणतो, त्यामुळे साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोहोचते. म्हणजे इथे अडसर दाण्याच्या आकारात नाही, तर त्याच्या द्रव्यात आहे. वर उल्लेखलेल्या १९८८च्या ब्रिटिश अभ्यासात हेच दिसले होते: अखंड ओट, चपटे केलेले ओट आणि ओटचे बारीक पीठ यांनी जवळपास सारखेच इन्सुलिन मागितले आणि एकूण प्रतिसादही गहू व मका यांच्यापेक्षा कमी राहिला.

तरीही प्रक्रिया मर्यादेपलीकडे गेली की हा फायदाही हरवतो. चपट्या ओटच्या लापशीचा निर्देशांक ५५ आहे, तर गरम पाणी ओतताच तयार होणाऱ्या झटपट ओटचा ७९. हा आकडा पांढऱ्या पावाच्याही वर जातो. अखंड शिजवलेल्या जवाचा निर्देशांक २८ आहे, जो धान्यांत फार खालचा. जवाचे पीठ केल्यावर तो अर्थातच चढतो, पण बीटा-ग्लुकान पिठातही राहतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली जो दावा मान्य केला, त्यानुसार दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ओट वा जवातील ४ ग्रॅम बीटा-ग्लुकान असेल, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे प्रमाण बरेच आहे. गव्हाच्या पिठात चमचाभर ओटचे पीठ टाकून ते गाठता येत नाही. निदान काही गुण यावा, तर निम्म्याच्या आसपास जव किंवा ओट घालण्याची तयारी हवी.

प्रश्न : ग्लुटेन सोडले की साखर सुधारते का?

ग्लुटेन हे प्रथिन आहे. साखरेशी त्याचा सरळ संबंध नाही. ज्यांना सीलिअॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेनमुळे ज्यांच्या लहान आतड्याला इजा होते, त्यांनी गहू, जव आणि राय कटाक्षाने टाळलेच पाहिजेत. इतरांनी केवळ साखरेसाठी ग्लुटेनमुक्त तयार पदार्थ घेतले, तर बहुधा तोटाच होतो, कारण त्यांत तांदळाचे पीठ आणि निव्वळ पिष्ट यांचा भरणा असतो.

प्रश्न : पाकिटावर ‘बहुधान्य’ लिहिलेले असते. त्यावर विश्वास ठेवावा का?

‘बहुधान्य’ याचा अर्थ एकाहून अधिक धान्ये, एवढाच होतो. ती संपूर्ण आहेत असा होत नाही. सात धान्यांचा मैदाही बहुधान्यच. पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचावी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याचा नियम बहुतेक देशांत आहे, त्यामुळे पहिले नाव कोणाचे आहे यावर निकाल लागतो. पहिले नाव मैद्याचे किंवा ‘गव्हाचे शुद्ध पीठ’ अशा मोघम शब्दांचे असेल आणि नाचणी, जव ही मंडळी मिठाच्या आगेमागे असतील, तर ती केवळ शोभेला आहेत. तपकिरी रंगालाही भुलू नये. जळक्या साखरेच्या रंगाने तो सहज आणता येतो.

एक हिशेब माझ्या कामी येतो. पोषणतक्त्यातील एकूण कर्बोदकांच्या आकड्याला दहाने भागावे. तंतूंचा आकडा त्या उत्तराइतका किंवा त्याहून मोठा असावा. संपूर्ण गव्हाच्या पिठात ७२ ग्रॅम कर्बोदकांमागे १०.७ ग्रॅम तंतू असल्याने ते आरामात उत्तीर्ण होते, तर मैदा ७६ला २.७ देऊन नापास होतो. हा हिशेब भरडपणाविषयी मात्र काही बोलत नाही.

प्रश्न : घरच्या पिठात काय मिसळले तर साखरेवर सर्वांत चांगला परिणाम होईल? मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे.

कडधान्याचे पीठ, असे माझे उत्तर आहे. हरभऱ्याच्या पिठात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तंतूही भरपूर असतात आणि त्यातले पिष्ट धान्याच्या पिष्टापेक्षा सावकाश पचते. चार भागांत एक भाग हरभऱ्याचे किंवा दुसऱ्या कडधान्याचे पीठ घातले, तर चव आणि मळण्याची सोय फारशी बिघडत नाही. त्याहून जास्त घातल्यास कणीक तुटू लागते. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला लागणारे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यात ते मुबलक असते, हा आणखी एक लाभ पदरात पडतो.

पण मिश्रणाआधी वजन. आपण एका वेळी किती पीठ खातो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एकदा कोरडे पीठ काट्यावर ठेवून पाहावे. ३० ग्रॅम संपूर्ण गव्हाच्या पिठात सुमारे २१ ग्रॅम कर्बोदके असतात. निर्देशांकाला कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून शंभराने भागले की ‘ग्लायसेमिक भार’ मिळतो. तो १०पर्यंत कमी आणि २० किंवा अधिक असल्यास जास्त मानतात. ७४ निर्देशांकाच्या पिठातून २१ ग्रॅम कर्बोदके घेतली तर भार साडेपंधराच्या आसपास जातो; तेच पीठ ६० ग्रॅम घेतले तर ३१. आता समजा, निर्देशांक ५३ असलेले भरड मिश्रण आपण मोठ्या कष्टाने तयार केले आणि ते आरोग्यदायी म्हणून ९० ग्रॅम खाल्ले, तर भार ३३ होतो. केलेले सारे कष्ट एका जादा वाढपात वाहून जातात. मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा मांडल्यावर काट्याचाच संशय आला होता.

तिसरी गोष्ट क्रमाची. भाजी, डाळ किंवा अन्य प्रथिनयुक्त पदार्थ आधी आणि पिठाचा पदार्थ नंतर, असे जेवल्यास साखर कमी चढते, हे लहान चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने स्नायू साखर उचलतात. यातले काहीच विकत आणावे लागत नाही, म्हणून कदाचित त्याचा गाजावाजा होत नसावा.

पीठ बदलून फरक पडतो का, हे घरी तपासायचे असेल, तर वजन तेच, सोबतचे पदार्थ तेच आणि वेळ तीच ठेवावी. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी एकदा साखर तपासावी, आणि प्रत्येक पिठासाठी हे किमान तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणत्याही पिठाची स्तुती वा निंदा करू नये; झोप, आजारपण आणि आदल्या रात्रीचे जेवण यांनीही तो हलतो.

प्रश्न : पीठ आंबवल्याने काय होते?

दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी पीठ सावकाश आंबवले, की त्यातील आम्लांमुळे पिष्ट काहीसे हळू पचते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि फायटिक आम्ल तुटून खनिजे मोकळी होतात. केवळ यीस्ट घालून तासा-दोन तासांत फुगवलेल्या पिठाला हा लाभ पुरता मिळत नाही. शिजवलेला पदार्थ थंड केल्यावर काही पिष्ट पुन्हा घट्ट होऊन पचनाला विरोध करते, हेही खरे. परंतु पिठाच्या पदार्थांत हे प्रमाण लहान असते, त्याच्या भरवशावर शिळे खाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : संपूर्ण पीठ, विशेषतः बाजरीचे, काही दिवसांत कडू होते. ते खावे का?

कडू झालेले पीठ टाकून द्यावे. दळताना अंकुरातील तेल बाहेर पडते, धान्यातलीच विकरे ते फोडतात आणि हवेशी संयोग होऊन ते खवट होते. मैदा महिनोन् महिने टिकतो, कारण त्यात हे तेल जवळजवळ नसतेच. बाजरीत तेल शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या दुप्पट, आणि विकरेही जोरकस. थोडे थोडे दळावे, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे आणि नवे पीठ जुन्यावर ओतू नये.

प्रश्न : माझी आई जेवणाआधी इन्सुलिन घेते. तिचे पीठ बारीक गव्हावरून जव, हरभरा आणि भरड गहू अशा मिश्रणावर आणायचे आहे. काही काळजी घ्यावी का?

अवश्य घ्यावी, आणि बदल करण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोलावे. झटपट काम करणारे इन्सुलिन बारीक पिठाच्या वेगाला जुळवलेले असते. जेवण सावकाश पचू लागले आणि मात्रा तीच राहिली, तर इन्सुलिन पुढे धावते, साखर मागून येते आणि जेवणानंतर तासाभरात हात थरथरणे, घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसू शकतात. साखर कमी करणाऱ्या इन्सुलिनस्रावी गोळ्या, म्हणजे सल्फोनिलयुरिया गटातील औषधे, घेणाऱ्यांनाही अशी घसरण होऊ शकते; कारण या गोळ्या शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावतात आणि त्यामुळे साखर खाली येते.

पीठ एका जेवणापुरतेच, आणि शक्यतो घरी कोणी सोबत असेल अशा दुपारच्या जेवणापुरते, आधी बदलावे. त्या आठवड्यात जेवणानंतर एक, दोन आणि चार तासांनी साखर मोजून वहीत लिहावी आणि शेजारी पिठाचे वजनही लिहावे. आकडा ७०च्या खाली गेला, तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. अशा वेळी मिश्रणाचा घास देऊ नये. ते सावकाश पचावे म्हणूनच आपण तयार केले आहे. ही वही डॉक्टरांना दाखवल्यावरच मात्रा बदलावी आणि त्यानंतर दुसऱ्या जेवणाचे पीठ बदलायला घ्यावे.